हक्काचे मागणे

येरवड्यातील वस्त्यांमधून सकाळी दोन पिढ्या कामावर निघतात. आई कचऱ्याची ढकलगाडी घेऊन किंवा कल्याणीनगरच्या घरांतील धुणीभांडी करण्यासाठी बाहेर पडते. मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून संगणक कंपनीत, रुग्णालयात वा बँकेत जाते. हा पालट शिक्षणाने घडविला आणि आपल्या विद्यालयासारख्या संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि एका बाबतीत अनेक घरांतील आई आपल्या पदवीधर मुलीच्या पुढे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या श्रमाचे मोल काय आणि ते कसे मागावे, हे आई जाणते. मुलीला मात्र ते कोणी शिकविलेले नाही.

आईलाही हे ज्ञान उपजत नव्हते. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला. पगारवाढ, हक्काची सुट्टी आणि आजारपणातील रजा हे त्यांचे प्रश्न होते. त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या पायाभरणीत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्यांचे परिश्रम होते. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, त्याही दलित समाजातील. लोक त्यांना चोर समजून हटकत. म्हणून संघटनेने ओळखपत्राचा आग्रह धरला : आम्ही कामगार आहोत, याचा लेखी पुरावा. पुणे महानगरपालिकेने नव्वदच्या दशकातच ही मागणी मान्य केली. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला आणि घरोघरचा कचरा नेण्याचे शुल्क ठरले. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कामाला मान्यता, मग हातात कागद, मग ठरलेला दर. यांपैकी काहीही कोणा एकटीच्या धिटाईने मिळालेले नाही.

ही परंपरा त्याहूनही जुनी आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथील स्त्री कामगारांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा व एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळावे, असा ठराव तेथे झाला. आपल्या आज्यांनी मोघम न्याय मागितला नाही. दिवस मोजून मागितले. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली होती.

या वारशाची लेक आज व्यवस्थापकाच्या खोलीत एकटी बसते. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला किती पगार मिळतो, हे तिला ठाऊक नसते. घरातील पहिलीच नोकरदार म्हणून ‘मिळाले हेच पुष्कळ’ ही भावना मनात असते. परिणामी जो आकडा समोर येतो, त्यावर ती सही करते. हे केवळ आपल्याच मुलींचे दुखणे नाही. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक यांना व्यवस्थापन पदवीधरांच्या एका तुकडीत असे आढळले की, पहिल्या पगाराविषयी घासाघीस करणारे पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया अवघ्या ७ टक्के. पुढील प्रत्येक वाढ पहिल्या पगाराच्या टक्केवारीने मोजली जात असल्याने आरंभीचे अंतर वर्षानुवर्षे वाढत जाते.

यावर कोणी म्हणेल, मुलींना धीट करा म्हणजे झाले. मला हे उत्तर अपुरे वाटते. बॅबकॉक यांच्याच पुढील अभ्यासात दिसले की, मागणाऱ्या पुरुषापेक्षा मागणाऱ्या स्त्रीकडे अधिक नापसंतीने पाहिले जाते. तिचे मौन म्हणजे नेहमीच भित्रेपणा नसतो. पुष्कळदा तो धोक्याचा अचूक अंदाज असतो. आपल्या मुलींच्या बाबतीत तर आडनावावरून जात हुडकणाऱ्या नजरा त्यात भर घालतात. म्हणून धैर्याच्या जोडीला माहिती, कागद आणि सोबत दिली पाहिजे. पंचायतीने कचरावेचक भगिनींना नेमके हेच दिले होते.

काही पालकांना वाटते की, संतोषाची शिकवण मिळालेल्या मुलीने पैशासाठी वाद घालू नये. परंतु तृष्णा आवरणे वेगळे आणि श्रमाचे मोल दुसऱ्याच्या खिशात राहू देणे वेगळे. सत्य, सौम्य आणि योग्य वेळी बोललेले वचन ती सम्यक वाचा. ‘मी हे काम केले, या कामाचा दर हा आहे, तो मला मिळावा’ हे वाक्य त्या कसोटीला पूर्ण उतरते.

याकरिता तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. विद्यालयाने दहावी-बारावीच्या मुलींना नेमणूकपत्र वाचण्याचा आणि पगाराविषयी बोलण्याचा सराव द्यावा. वक्तृत्व स्पर्धेइतकेच महत्त्व त्याला असावे. समान कामाला समान वेतनाचे तत्त्व १९७६ पासून कायद्यात आहे, पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि घरकामगार स्त्रीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, हे प्रत्येकीला शाळा सोडण्यापूर्वी ठाऊक असावे. माजी विद्यार्थ्यांनी, विशेषतः पुरुषांनी, आपला पगार धाकट्या भगिनींना मोकळेपणाने सांगावा. एका क्षेत्रातील चार आकडे कळले तरी मागणीला आधार मिळतो. आणि पालकांनी मुलगी पगारवाढीचा विषय काढते तेव्हा ‘नोकरी जाईल, गप्प राहा’ असे म्हणण्याआधी तिने काय काम केले, हे विचारावे.

या परिसरातील पुष्कळ मुलींची फी आईच्या ढकलगाडीवर भरली गेली आहे. त्या गाडीमागे एक संघटना होती आणि दरापुढे न झुकणारी मान होती. पदवीबरोबर तीही लेकीच्या हाती सोपविली, तरच आपले शिक्षणकार्य पुरे झाले असे म्हणता येईल.