गवत मेले, रंग तेवढा उरला

व्यापारी संकुलांच्या आवारात, कार्यालयांच्या दर्शनी भागात आणि उपाहारगृहांच्या अंगणात प्लॅस्टिकच्या गवताचे गालिचे झपाट्याने पसरत आहेत. त्यांचे समर्थन ठरीव शब्दांत केले जाते : येथील माती वाईट आहे, येथे ऊन पोहोचत नाही, खरी हिरवळ येथे जगणार नाही, सबब कृत्रिम हिरवळीला पर्याय नाही. हे विधान निसर्गनियमाच्या थाटात मांडले जाते. तेव्हा साधा प्रश्न विचारला पाहिजे : माती वाईट कोणी केली आणि ऊन कोणी अडवले?

उत्तर या धंद्याच्या जन्मकथेतच आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी 1965 मध्ये ‘ॲस्ट्रोडोम’ हे आच्छादित क्रीडागृह उघडले. हॅरिस काउंटी या स्थानिक शासनाने कर्जरोखे काढून ते उभारले आणि चालवावयास खाजगी मंडळींच्या हाती दिले. आत खास निवडलेले बर्म्युडा गवत लावले होते; त्याला प्रकाश मिळावा म्हणून छपराला पारदर्शक तावदाने होती. त्यांच्या चकाकीमुळे बेसबॉलच्या खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवण्यात आली. प्रकाश तुटला आणि गवत मेले. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग फासून पार पाडण्यात आला. 1966 मध्ये मोन्सॅन्टो या रसायन कंपनीच्या नायलॉनचे गवत तेथे अंथरले गेले आणि क्रीडागृहाच्या नावावरून त्याचे ‘ॲस्ट्रोटर्फ’ असे बारसे झाले. सावली माणसाने निर्माण केली, सावलीने गवत मारले आणि त्या मरणातून एक बाजारपेठ जन्मास आली.

आपल्या शहरांत हाच क्रम रोज घडतो. बांधकामाच्या आरंभी वरचा सुपीक थर खरवडून नेला जातो, त्या जागी राडारोडा भरला जातो, अवजड यंत्रांनी तो दाबला जातो. पोटात वाहनतळ आणि डोक्यावर मनोरा असला, की उरलेल्या पट्ट्यास ना खोली राहते ना ऊन. मग तोच बांधकामदार ‘कठीण माती’ची तक्रार करतो. ही माती कठीण जन्मली नाही. ती कठीण बनवली गेली.

के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने 1950 च्या आपल्या ग्रंथात खाजगी उद्योगाच्या सामाजिक परिव्ययाची मीमांसा केली : जो खर्च उत्पादक स्वतः सोसत नाही, तो समाजावर लोटला जातो. कृत्रिम हिरवळीचा हिशेब या कसोटीवर तपासावा. मालकाच्या वहीत पाण्याची बचत आणि माळ्याची वाचलेली मजुरी जमेस धरली जाते. पाण्याची बचत खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु माळ्याची मजुरी ही बचत नव्हे. ती एका श्रमिकाची भाकर असून ती खनिज तेलापासून बनलेल्या मालाच्या किमतीत वळती झाली आहे.

समाजाच्या वहीतील नावे बाजू याहून लांब आहे. गालिचा अंथरण्यापूर्वी जमीन पुन्हा खणतात, खडीचा थर घालून तो ठोकून घट्ट करतात, वर कापड, त्यावर गालिचा आणि त्यात वाळू वा रबराचे कण भरतात. जवळ वृक्ष असला तर त्याच्या मुळांचा श्वास कोंडतो. दख्खनची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; ती नीट पारखली नाही तर वरचा थरही उंचसखल होतो. अमेरिकेतील युटा प्रांतात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2002 मध्ये मोजमाप केले. सकाळी 7 ते सायंकाळी 7 या वेळेत कृत्रिम मैदानाच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे 47 अंश सेल्सियस, तर खऱ्या हिरवळीचे सुमारे 26 अंश भरले. समर्थक म्हणतील, सावलीत हे तापत नाही. मान्य! परंतु सावलीत ओल टिकते, शेवाळ धरते, पालापाचोळा कुजतो. म्हणजे ‘देखभाल नको’ ही जाहिरातही खोटी ठरते.

युरोपीय संघाने सप्टेंबर 2023 मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले. त्यांत क्रीडांगणांत भरावयाच्या प्लॅस्टिक कणांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद होणार आहे. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये शहरांना कृत्रिम हिरवळीवर बंदी घालण्यास मनाई केली होती. 2023 मध्ये ती मनाई निवासी जागांपुरती मागे घेतली गेली. जेथे हा माल जन्मला तेथेच फेरविचार सुरू झाला असताना येथे त्याचे प्रगतीचे प्रतीक म्हणून स्वागत व्हावे, हे लाजिरवाणे आहे.

मुळात हिरवळीचा हट्ट तरी कोणाचा? थोर्स्टीन वेब्लेनने 1899 मध्येच दाखवून दिले, की धनिकांची हिरवळ म्हणजे गाय हाकलून दिलेले कुरण. उपयुक्तता दिसू नये यातच तिची प्रतिष्ठा. प्लॅस्टिकच्या गालिच्यातून गायीपाठोपाठ गवतही हाकलले गेले. शिल्लक राहिली ती निव्वळ प्रतिष्ठा! सावलीच्या जागेत नेचे, अळू, हळद आनंदाने वाढतात. दाबलेली माती भुसभुशीत करून शेणखत आणि पालापाचोळा दिला तर ती काही हंगामांत सावरते. जेथे काहीच उगवत नाही तेथे उघडी खडी आणि बसावयास बाक पुरेत.

डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात करमणुकीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नव्हे, असा निवाडा दिला होता. त्यामागील तत्त्व पुढे नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. प्रत्येक नगरपालिकेत तीन मागण्या रेटल्या पाहिजेत : प्लॅस्टिकने झाकलेली जमीन ‘हिरवे क्षेत्र’ म्हणून मोजू नये, बांधकामापूर्वी काढलेला सुपीक थर साठवून त्याच भूखंडावर परत घालण्याची सक्ती असावी, आणि निकामी गालिचा नगरपालिकेच्या कचरा डेपोवर न टाकता विक्रेत्याने स्वखर्चाने परत न्यावा. ज्याने माती मारली त्यानेच तिचे मोल चुकवावे. एवढा साधा न्याय लागू झाला, तर हे गालिचे ज्या वेगाने पसरले त्याच वेगाने गुंडाळले जातील.