प्रतिजैविकाची सबब

गर्भवती स्त्रीला प्रतिजैविक देण्याच्या प्रसंगी आपण वैद्यकव्यावसायिक बहुधा दोन टोकांना जातो : एकीकडे गर्भाला अपाय होईल या भयाने अत्यावश्यक औषधही लांबणीवर टाकले जाते, तर दुसरीकडे 'असावे हाताशी संरक्षण' एवढ्याच विचाराने पाच दिवसांच्या गोळ्या चिठ्ठीवर उतरतात, आणि या दोन्ही प्रमादांचे मूळ, औषध का द्यावे अथवा का देऊ नये याची सबब निश्चित करण्यातील हयगय, हेच असते.

भय सर्वस्वी निराधार नाही. टेट्रासायक्लिन गर्भाच्या घडत्या दातांत व अस्थींत कॅल्शियमशी बद्ध होऊन बसते, स्ट्रेप्टोमायसिनमुळे श्रवणशक्तीला इजा पोहोचू शकते, आणि प्रसूतीच्या तोंडावर दिलेली सल्फा-औषधे नवजाताची कावीळ मेंदूपर्यंत नेऊ शकतात. परंतु त्याच पंक्तीत पेनिसिलिनला बसविणे हा अन्याय होय. गर्भिणीच्या उपदंशावर तर त्याला तोडीचा पर्यायच नाही. तीच गोष्ट लक्षणविरहित मूत्रजंतुसंसर्गाची. दर मिलिलिटरमागे १ लाख वा अधिक जंतू आढळूनही 'बाईंना त्रास नाही' म्हणून उपचार टाळला, तर पुढे मूत्रपिंडदाह उद्भवण्याचा धोका बराच वाढतो. मात्र हा निष्कर्ष नमुन्याच्या शुद्धतेवर अवलंबून असतो : सकाळी घेतलेली बाटली तालुक्याच्या प्रयोगशाळेकडे जाण्यासाठी दुपारपर्यंत उकाड्यात पडून राहिली, तर जंतू बाटलीतच वाढतात आणि निरोगी स्त्रीच्या माथी रोग मारला जातो. सबब मधल्या धारेचा नमुना, निर्जंतुक बाटली आणि विलंब अटळ असल्यास शीतकपाट, यांची तजवीज अगोदरच असावी.

निष्कारण औषधाची किंमत किती, याचा दाखला ब्रिटनमधील 'ओरॅकल' अभ्यासाने दिला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पाणमोट अभंग असताना अकाली कळा सुरू झालेल्या स्त्रियांना एरिथ्रोमायसिन वा को-ॲमॉक्सिक्लॅव देऊन अर्भकांचा काहीच लाभ झाला नाही. इतकेच नव्हे, तर ती बालके ७ वर्षांची झाल्यावर, औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण अधिक आढळल्याचे २००८ साली निदर्शनास आले. याउलट पाणमोट अकाली फुटली असता एरिथ्रोमायसिन हितावह ठरले. औषध तेच, पण प्रसंग पालटला तसा परिणामही पालटला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, नागपूर व बेळगाव येथील केंद्रांचाही सहभाग असलेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात, प्रसूतिवेदनांच्या वेळी दिलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या २ ग्रॅमच्या एकाच मात्रेने मातांमधील जंतुदोष वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. नवजातांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. या यशाचा आधार घेऊन तेच औषध गर्भारपणाच्या कोणत्याही महिन्यात, कोणत्याही तापासाठी लिहिणे सर्वथा अनुचित ठरेल.

म्हणून आमची व्यवसायबंधूंना व भगिनींना आग्रहाची विनंती आहे की, गर्भिणीच्या केसपेपरवर प्रतिजैविकाचे नाव लिहिण्यापूर्वी गर्भाचे आठवडे, संसर्गाचे संशयित स्थान आणि औषध थांबविण्याची तारीख, या तीन नोंदी कराव्यात. त्या करता येत नसतील, तर औषध लिहिण्याचा निर्णय अद्याप पक्व झालेला नाही असे समजावे. आणि त्या करता येत असतील, तर पूर्ण मात्रेत, पूर्ण मुदतीचे औषध देण्यास कचरू नये.