चौथ्या टप्प्याचा भार कोणाच्या माथी?

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरी सांडपाण्याविषयी नवा निर्देश संमत केला. दीड लक्ष लोकसंख्येचा भार वाहणाऱ्या व त्याहून मोठ्या केंद्रांनी २०४५ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने शुद्धीकरणाचा चौथा टप्पा उभारावा आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांनी सोसावा, असे त्यात म्हटले आहे. निर्देशाची शाई वाळते न वाळते तोच, २०२५ मध्ये, औषध उत्पादकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. वाद वरकरणी तांत्रिक भासतो. वस्तुतः नफा कोणी घ्यावा आणि घाण कोणी निस्तरावी, हा तो जुनाच वाद होय.

हा चौथा टप्पा हवा कशाला? पहिल्या टप्प्यात गाळ खाली बसतो, दुसऱ्यात जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात, तिसऱ्यात नत्र व स्फुरद निघते. शरीरातील संप्रेरकांचे कार्य बिघडवणारी काही द्रव्ये मात्र यातून निसटतात. गर्भनिरोधक गोळीतील एथिनिलएस्ट्रॅडिओल हे त्यांपैकी एक. देहाबाहेर पडताना ते बऱ्याच अंशी निष्क्रिय असते; पण सांडपाण्यातील जिवाणू त्याचे बंध तोडतात आणि ते पुन्हा सक्रिय होते. त्याला अडवायचे तर ओझोन वायूने त्याचा रेणू फोडावा लागतो, किंवा सक्रिय कोळशावर तो धरून ठेवावा लागतो. दोन्ही उपाय कसोटीला उतरलेले आहेत. उणीव विज्ञानाची नाही, पैशाची आहे.

आणि धोका काल्पनिक नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे हेच संप्रेरक सोडण्यात आले. प्रमाण लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात जेमतेम ५-६ ग्रॅम. तेवढ्याने नर माशांच्या देहात अंड्यांचे प्रथिन तयार होऊ लागले आणि तळ्यातील छोट्या मिनो माशांची जात जवळजवळ नामशेष झाली. पिण्याच्या पाण्यातील अत्यल्प अंशाने माणसाला किती अपाय होतो, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. माशांविषयी मात्र संशयाला जागा उरलेली नाही.

तेव्हा खर्च कोणी द्यावा? स्वित्झर्लंडने २०१६ पासून दरसाल दरमाणशी कमाल ९ फ्रँक अशी पट्टी बसवली. काम सुरू झाले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु कारखानदार व सफाई कामगार यांना एकाच मापाने मोजणारी, आणि द्रव्य विकून नफा कमावणाऱ्याला मोकळे सोडणारी ही पट्टी न्याय्य म्हणता येणार नाही. गोळी घेणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखवणे तर त्याहून अन्यायाचे. बिस्फेनॉल-ए प्लास्टिकातून येते, नोनिलफेनॉल धुलाईच्या रसायनांतून येते. त्यांच्या उत्पादनाचा निर्णय कोणा गृहिणीने घेतलेला नाही.

दोनच उद्योगांवर भार का, हा उत्पादकांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. औषधे महाग होतील ही भीतीही गरीब रुग्णाच्या दृष्टीने खरी आहे. पण त्यावरचा उपाय जाळे अधिक रुंद करणे व औषधांच्या किमतींवर सरकारी अंकुश ठेवणे हा आहे. जाळे फाडून टाकणे हा नव्हे. निर्देशाचा खरा दोष वेगळाच आहे. वर्षाला १ टनाहून कमी द्रव्य बाजारात आणणाऱ्या उत्पादकाला त्याने सूट देऊ केली आहे. जे विष ग्रॅममध्ये मोजायचे, ते टनांच्या काट्यावर तोलण्यात कोणते शहाणपण?

भारतातील स्थिती याहून मूलभूत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या हिशेबानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि त्यातील अवघ्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होत होती. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व तेथून उजनीच्या जलाशयात जाते, आणि सोलापूर उजनीचे पाणी पिते. जेथे दुसराच टप्पा अपुरा, तेथे चौथ्याची भाषा चैनीची वाटेल. परंतु नीट चालवलेला दुसरा टप्पाही नैसर्गिक संप्रेरकांचा मोठा भाग नष्ट करतो. म्हणून प्रारंभ तेथूनच झाला पाहिजे, आणि त्याचा खर्च पाणीपट्टीच्या आधी प्रदूषकाच्या ताळेबंदातून वसूल झाला पाहिजे.

ज्यांना परवडते ते घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसवून निश्चिंत होतात. त्या यंत्राने एका स्वयंपाकघराची सोय होते. नदी तशीच राहते, आणि नदीकाठची वस्ती व मासेमार तिच्याच भरवशावर राहतात. उगमाशी विष सोडणाऱ्याने नफा न्यावा आणि मुखाशी पाणी भरणाऱ्याने किंमत मोजावी, हा व्यवहार थांबवण्याचे अधिकार शासनाला आहेत. ते वापरण्यास त्याला भाग पाडणे, हे पाणी पिणाऱ्यांच्या संघटनेचे काम आहे.