तळ्याकाठचे पान

जालन्याहून निघताना वहिनींच्या पेटीत भाजणी, मेतकूट आणि काळा मसाला इतका भरला गेला की, त्या मुलाकडे चालल्या आहेत की वनवासाला, असा प्रश्न आमच्या धाकट्या सुनेने केला. वहिनींचे वय बाहत्तर. देवस्थानच्या प्रसादाखेरीज बाहेरचे अन्न त्यांनी जन्मात घेतलेले नाही. गेल्या कार्तिकात पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही त्यांच्यासमवेत महिनाभर स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे राहून आलो. ज्या घरचे मूल परदेशी नाही असे घर आता आपल्यांत विरळाच. म्हणून तेथील एक अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहो.

झुरिक हे त्याच नावाच्या तळ्याच्या काठी वसलेले आहे. एका रस्त्यावर इटालियन, तुर्की, श्रीलंकेतील तमिळ अशा नाना देशींच्या खाणावळी शेजारी शेजारी नांदतात. शहरात बाराशेंहून अधिक कारंजी असून बहुतेकांचे पाणी पिण्याजोगे असते. वहिनींनी पिशवीतून फुलपात्र काढून ते पाणी प्याले, हेच त्यांचे परदेशातील पहिले 'बाहेरचे' सेवन.

एका संध्याकाळी पुतण्याने आम्हां सर्वांस तेथील प्रसिद्ध 'फाँड्यू' खाण्यास नेले. मेजाच्या मध्यभागी मंद आचेवर वितळलेल्या चीजचे भांडे ठेवतात आणि प्रत्येक जण लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवितो. काटा ओठांना लागू द्यावयाचा नाही, असा शिष्टाचार आहे. भांड्याच्या तळाशी जी खरपूस खरवड उरते, तिच्यावर सर्वांचाच डोळा असतो. हे ऐकून वहिनी हसल्या. परंतु तुकडा उचलण्यापूर्वी त्या मुलास म्हणाल्या, "अरे, ह्यात काय काय घातलं आहे, ते विचार की."

पुतण्याचा चेहरा उतरला. "आई, इथं असं विचारत बसत नाहीत. शाकाहारीच आहे ते."

वहिनींनी वाढणाऱ्या मुलीकडे पाहिले आणि भांड्याकडे बोट दाखविले. मुलगी मुळीच रागावली नाही. दोन जातींचे चीज, पांढरी द्राक्षमदिरा, लसूण, असे तिने एकेक सांगितले. चीज कसे जमविले, या पुढल्या प्रश्नावर ती आत जाऊन विचारून आली: वासराच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने. ग्रुयेर नावाचे तेथील नामांकित चीज परंपरेने तसेच जमवितात. पुतण्या सहा वर्षे हा पदार्थ निःशंकपणे खात होता. तो गप्प झाला. वहिनींनी कोशिंबीर आणि कोरडा पाव खाल्ला. परतताना ट्राममध्ये त्या एवढेच म्हणाल्या, "तू खाल्लंस, त्याचा मला राग नाही. विचारायला लाजलास, त्याचा आहे."

या लाजेचा विचार आम्ही पुष्कळ केला. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनच्या चहापानावरून केवढे काहूर उठले! न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या काळी लाज बाहेर खाल्ल्याची होती. आता ती बाहेर न खाण्याची झाली आहे. दोन्ही वेळा भय एकच: लोक काय म्हणतील!

हे भय केवळ आपलेच नव्हे. याच झुरिकमध्ये 1898 साली एक शाकाहारी भोजनगृह निघाले. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे गवत खाणारे, अशी लोकांकडून थट्टा होई. बव्हेरियाहून आलेला अँब्रोसियस हिल्टल नावाचा शिंपी सांधेदुखीने गांजला होता. मांस वर्ज्य करा, असे वैद्यांनी सांगितल्यावरून तो तेथे जेवू लागला, बरा झाला आणि पुढे त्या गृहाचा चालकच बनला. 1950 च्या दशकात त्याच्या घराण्यातील सूनबाई भारत पाहून आल्या आणि भारतीय पदार्थ तेथील पानात आले. ज्यांची थट्टा झाली, त्यांनी आपले अन्न लपविले नाही. आज तेथे मांसाहारीही आनंदाने जेवतात.

स्वित्झर्लंडच्या कायद्याप्रमाणे भोजनगृहाने आपले मांस कोणत्या देशाचे हे लेखी कळवावे लागते, आणि ज्या जिनसांनी कोणास बाधा होते त्यांची माहिती द्यावी लागते. अर्थात विचारणे हा तेथे ग्राहकाचा हक्कच आहे, उद्धटपणा नव्हे. सोवळ्याच्या नावाखाली आपण माणसांनाही पंक्तीबाहेर बसविले. तो भाग गेला, हे उत्तमच झाले. परंतु आपल्या पोटात काय जाते हे जाणून घेण्याची शिस्त त्याबरोबर टाकून देण्याचे कारण नाही. शेजारच्या पानात काय आहे, याची चौकशी मात्र आपण करू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही हिल्टलमध्ये जेवलो. तेथे मांडलेल्या पदार्थांतून आपले पान आपण वाढून घ्यावे आणि वजनावर पैसे द्यावे, अशी एक सोय आहे. पुतण्याने स्वतः पुढे होऊन प्रत्येक पदार्थाविषयी विचारले. वहिनींनी भात आणि डाळ घेतली. मिठाला जरा कमी आहे म्हणाल्या, पण पान स्वच्छ केले.

ज्यांची वडील माणसे परदेशी निघाली असतील, त्यांनी पेटीत भाजणी अवश्य घालावी. त्याबरोबर 'यात मांस, मासे, मद्य अथवा वासराच्या जठराचे काही आहे काय?' हे एक वाक्य तेथील भाषेत लिहून द्यावे. आणि घरच्या मुलांनी ते मोठ्याने म्हणण्यास शिकावे.