मागीलदारचं वांझ झाड

मे महिना सरत आला की आमच्या मसुऱ्यात घरोघरी एकच घाई. मिरगाचा पाऊस पडण्याआधी रातांबे उतरवून, फोडून, वाळवून झाले पाहिजेत. एकदा सर आली की झाडाखाली फळांचा चिखल होतो आणि सोलं वाळवायला ऊनही उरत नाही. यंदा या घाईत आमच्या स्वतःच्या झाडाचीही भर पडली आहे, म्हणून आज त्याचीच हकिकत सांगते. तुमच्या बंगल्याभोवती नाहीतर माहेरच्या परसात न फळणारं कोकमाचं झाड उभं असेल, तर त्यावर कोयता चालवण्याआधी एवढं वाचाच.

हे झाड सासूबाईंनी लावलेलं. कुणाकडून तरी आलेल्या टपोऱ्या रातांब्याची बी त्यांनी विहिरीजवळ टोचली आणि ती रुजली. झाड वाढलंही देखणं, फांद्या खाली झुकलेल्या, बारा महिने हिरवंगार. पण दहा वर्षं झाली तरी एक फळ नाही. थंडीत फुलायचं मात्र भरभरून! शेजारच्या काकी विहिरीवर आल्या की हटकून म्हणायच्या, "ह्या झाड वांझ आसा गो, तोडून टाक."

आंगणेवाडी ही आमच्या मसुऱ्याचीच वाडी. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी कौल लावून ठरते, आणि ती एकदा ठरली की आमच्या घरात पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका जत्रेला आलेल्या मंडळींत वांझ झाडाचा विषय निघाला. आमच्या यजमानांनी तर दुसऱ्या दिवशी गड्याला बोलावूनही ठेवलं होतं. माझी धाकटी जाऊ तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्या लग्नाला सात वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. तिने ट्रे तिथेच ठेवला आणि ती आत गेली. पाहुण्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सकाळी गडी यायच्या आत मी झाडाखाली गेले. हंगाम संपत आला होता तरी चारदोन फुलं शिल्लक होती. शेजारच्या फळणाऱ्या झाडाचीही एक डहाळी मागून आणली आणि दोन्ही फुलं ताटलीत शेजारी शेजारी ठेवली. आमच्या झाडाची फुलं घोसाने आलेली, मध्ये पुंकेसरांचा दाट गोंडा. शेजारच्या झाडाचं फूल एकटंदुकटं, आणि मधोमध हिरवी गोल गाठ. तीच गाठ पुढे रातांबा होते. म्हणजे आमचं झाड वांझ नव्हतंच, ते नर होतं! कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बीपासून रोप केलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला पहिलं फूल येईपर्यंत म्हणजे सात-आठ वर्षं थांबावं लागतं.

आता हेही सांगून टाकते. आमच्या घरात सात वर्षं सगळ्या तपासण्या झाल्या त्या जाऊबाईंच्या. भाऊजींनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. त्या रात्री जेवताना मी फुलांची गोष्ट सांगितली आणि हेही बोलून गेले. पानावर बसलेलं कुणी वर बघेना. पंधरा दिवसांनी भाऊजी आपणहून डॉक्टरांकडे जाऊन आले. पुढचं त्या दोघांचं ते दोघं जाणोत, ते या सदरात सांगायचं नाही.

झाडाचं काय केलं ते मात्र सविस्तर सांगते. खोड कमरेएवढ्या उंचीवर कापलं. काही दिवसांनी त्याला नवे धुमारे फुटले. ते पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर ओळखीच्या कलम बांधणाऱ्याकडून त्यांवर चांगल्या फळणाऱ्या मादी झाडाच्या काड्या बांधून घेतल्या. यात एक मेख आहे. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगतं, पण जन्मभर आडवंच पसरत राहतं. पाच काड्या बांधल्या, तीन जगल्या. त्यांच्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, खालचे फुटवे खुडणं, उन्हाळ्यात पाणी, हे सगळं जाऊबाईंनी आपल्याकडे घेतलं. मला हात लावू देईनात.

नवं झाड लावणार असाल तर बी लावूच नका, मादी झाडाचं कलम आणा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' ही जात दिली आहे. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरू लागतं. शेजारीपाजारी नर झाडं असतील तर तुमच्याकडे नसलं तरी चालतं, पण मोठी बाग करणाऱ्यांनी दहा मादींमागे एखादा नर ठेवावा म्हणतात. आम्हीही आमच्या झाडाची एक जुनी फांदी तशीच राखली आहे.

आता स्वयंपाकघरात या. माहेरची करंडी आली असेल तर ती दुसऱ्या दिवसावर टाकू नका, हे फळ थांबत नाही. रातांबे धुऊन कोरडे पुसा, अर्धे कापा, गर आणि बिया वेगळ्या काढा. आगळ करायचं तर किलोभर सालींना साधारण पाव किलो जाडं मीठ लावून बरणीत भरा आणि रोज कोरड्या लाकडी डावाने हलवा. आठवड्याभरात लालभडक रस सुटतो, तो गाळून बाटलीत भरायचा. बरणी काचेची नाहीतर चिनी मातीचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात हे आंबट ठेवलंत तर पातेलंही जाईल आणि आगळही.

आमसुलं करायची तर साली मिठाच्या गराच्या रसात बुडवून उन्हात घाला, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. चार-पाच वेळा असं झालं की ती मऊ, काळपट लाल होतात. सरबतासाठी अमृत कोकम हवं असेल तर सालींच्या वाट्यांत साखर भरा, सालींच्या दुप्पट वजनाची, आणि बरणीला दादरा बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. साखरेला हात आखडता घेतलात तर ते आंबून फसफसेल, हे मी करून बसले आहे.

आमटीत सोलं डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आंबटात डाळ शिजत नाही, मग उगाच डाळीला नावं ठेवली जातात. बांगड्याच्या तिरफळाच्या कढीतही शेवटी घालून एक उकळी पुरे. सोलकढीसाठी नारळाचं दूध काढून ठेवा आणि आगळ वाढायच्या थोडं आधी घाला. ती गॅसवर चढवू नका, फाटते. आगळात आणि आमसुलात मीठ असतंच, तेव्हा चव घेतल्याशिवाय वरून मीठ नको.

आणि बिया! त्या केरात टाकणाऱ्या बायका पाहिल्या की माझा जीव तुटतो. धुऊन खडखडीत वाळवा, फोडून कुटा आणि पाण्यात उकळा. वर तरंगणारं तेल गार झालं की मेणासारखं घट्ट होतं. ते काढून घेऊन गोळे वळून ठेवायचे. यालाच मुठेल म्हणतात, कुणी भिरंडेल म्हणतात. हिवाळ्यात टाचांच्या भेगांना रात्री कोमट करून लावा. दुकानातलं मलम आणायची गरज पडत नाही.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आमच्या कलमांचा पत्ताही नव्हता. गेल्या वर्षी पहिल्यांदा सतरा रातांबे लागले, ते मोजून झाले. यंदा सूपभर निघाले. आगळ जाऊबाईंनीच घातलं आणि बरणी आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. मीठ जरा जास्त पडलंय असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "असूं दे वैनी, टिकतला."