बंद म्हणजे बंदच का?

प्रोजेक्टचे दिवस आले की लॅबमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सर, एसएसआर उडाला, नवीन मागवू का?" मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे की दर वेळी तो उडालेला असतोच असं नाही. बिचारा निर्दोष असताना आपण त्याला फासावर चढवतो, आणि खरा गुन्हेगार पॅनलमध्ये मजेत बसलेला असतो!

इतर ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर एसएसआर म्हणजे सॉलिड स्टेट रिले. यात हलणारा भाग नाही, टक्‌ आवाज नाही. इनपुटला सिग्नल दिला की आतला एलईडी पेटतो आणि त्या प्रकाशानं पलीकडचा ट्रायक किंवा एससीआर चालू होतो. छोट्या सिग्नलवर मोठा हीटर चालवायला एकदम बेस्ट.

आता नेहमीचा प्रॉब्लेम पाहा. पीएलसीचं आउटपुट कार्ड ट्रायकवालं, एसएसआरचा इनपुटही २३० व्होल्ट एसीचा. प्रोग्राममध्ये आउटपुट ऑफ, कार्डवरचा दिवा विझलेला, तरी एसएसआरचा एलईडी मिणमिणतोय आणि ओव्हन तापतोय. एसएसआर बदलला, तरी तेच. दुसरा आणला, तरी तेच. आग रामेश्वरी अन्‌ बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना 'लीकेज' म्हटलं की व्याख्या आठवते. पण साधं 'गळती' म्हणा, लगेच होस्टेलचा नळ डोळ्यांसमोर येतो. कितीही घट्ट पिळा, थेंब पडतोच, आणि सकाळी बादली भरलेली असते. आउटपुट कार्डचं तसंच आहे. ट्रायकला अचानक येणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवायला त्याच्या दोन टोकांवर रेझिस्टर आणि कपॅसिटर बसवतात. त्याला स्नबर म्हणतात. ट्रायक बंद असला तरी कपॅसिटरमधून एसी करंट जातोच. समजा, कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स साधारण १४५ किलोओहम येतो. म्हणजे २३० व्होल्टला गळती सुमारे १.६ मिलिअँपिअर.

दिवा किंवा मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल असती तर एवढ्याशा करंटनं काही बिघडलं नसतं. पण एसएसआरची भूकच मुळात काही मिलिअँपिअरची! त्याचा इनपुट ३० किलोओहमचा धरला, तर गळतीमुळे त्यावर सुमारे ४७ व्होल्ट उभे राहतात. अशा एसएसआरच्या डेटाशीटमध्ये सहसा दोन आकडे दिसतात : ९० व्होल्टच्या वर नक्की चालू, १० व्होल्टच्या खाली नक्की बंद. मधला सगळा कारभार रामभरोसे. आपले ४७ नेमके तिथेच येऊन बसलेत.

मग शोधायचं कसं? मेन बंद करून एसएसआरच्या इनपुटची वायर काढा आणि पुन्हा सप्लाय द्या. हीटर तरीही चालू राहिला, तर एसएसआर खरोखरच शॉर्ट झालाय. थंड पडला, तर तो निर्दोष. मग वायर परत जोडून, ऑफ स्थितीत इनपुटवरचं व्होल्टेज मोजा. वायर काढून नुसत्या कार्डवर मीटर लावलात तर जवळजवळ पूर्ण २३० दिसतील, कारण डिजिटल मीटर स्वतः १० मेगओहमचा असतो. तो खोटं बोलत नाही, आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारतो.

उपाय सोपा आहे. एसएसआरच्या इनपुटला समांतर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. गळतीला दुसरी वाट मिळते आणि ४७ चे साडेसहा-सात व्होल्ट होतात. एसएसआर गुपचूप बंद. पण आउटपुट चालू असताना याच रेझिस्टरमध्ये ११ वॉटपेक्षा जास्त उष्णता होते. तिथे पाव वॉटचा लावलात तर धूर बघायला तयार राहा! २५ वॉटचा वायरवाऊंड घ्या. नव्यानं डिझाइन करताना मात्र डीसी ट्रान्झिस्टर आउटपुट आणि ३ ते ३२ व्होल्ट डीसी इनपुटचा एसएसआर ही जोडी बरी. तिथे गळती असतेच, पण खूपच कमी.

माझी खरी तक्रार एसएसआरबद्दल नाहीच, आपल्या प्रॅक्टिकलबद्दल आहे. जर्नलमध्ये आपण लिहितो : स्विच ऑन, रेझिस्टन्स शून्य, स्विच ऑफ, रेझिस्टन्स अनंत. व्हायवात तेच सांगतो, मार्क्स मिळतात. डेटाशीटमधली 'ऑफ स्थितीतला लीकेज करंट' ही ओळ कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. स्टाफला विनंती आहे, की दोन तासांचं एकच प्रॅक्टिकल ठेवा. एक ट्रायक कार्ड, एक एसएसआर, एक रेझिस्टर. रेझिस्टरशिवाय आणि रेझिस्टरसह रीडिंग घ्यायला लावा. आदर्श उत्तरापेक्षा वेगळं आलेलं रीडिंग खोडायचं नसतं, त्याचं कारण शोधायचं असतं, हे त्यातून जेवढं कळेल तेवढं दहा असाइनमेंट उतरवून कळणार नाही.

हे फक्त मार्क्सचं नाही, जिवाचं आहे. एसएसआरच्या आउटपुटलाही अशीच गळती असते. शिवाय तो बिघडला तर बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालू राहतो. त्यामुळे एलईडी विझलाय म्हणून हीटरच्या टर्मिनलला हात लावू नका. आधी एमसीबी पाडा, मग टेस्ट लॅम्पनं तपासा. आणि ओव्हनला वेगळा ओव्हरहीट कटआउट आणि कॉन्टॅक्टर असू द्या. दोनशे-तीनशे रुपये वाचवून प्रोजेक्टला आग लावण्यात कसली आलीय काटकसर?

पुढच्या वेळी "एसएसआर उडाला" म्हणायच्या आधी एकच करा : 'बंद' म्हणजे किती बंद, हे मोजून बघा.