व्यापारी गुपित आणि कामगाराचे कसब : रेषा कोठे ओढायची?

कारखान्याच्या गोदामातून औषधांचे चार खोके नाहीसे झाले, तर पुढे काय करायचे हे वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही व्यवस्थापकाला ठाऊक असते. साठ्याच्या नोंदी तपासल्या जातात, पोलिसांत तक्रार होते, पंचनामा होतो. मात्र त्याच औषधाच्या निर्मितीपद्धतीची फाइल एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या खासगी ई-मेलवर पाठवली, तर कारखान्यातून काहीच कमी झालेले दिसत नाही. मूळ फाइल जागच्या जागी असते आणि कुलूपही शाबूत असते. चोरीचा सुगावा लागतो तो अनेक महिन्यांनी, जुना ग्राहक तसाच माल कमी दरात दुसरीकडून घेऊ लागल्यावर. तोवर तो कर्मचारी नोकरी सोडून गेलेला असतो.

अशा चोरीविरुद्ध भारतात स्वतंत्र कायदा नाही. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि भौगोलिक मानांकन यांना कायद्याचे संरक्षण आहे. व्यापारी गुपितांना तसे नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील ३९ वे कलम अप्रकट माहितीचे रक्षण करण्याचे बंधन सदस्य देशांवर घालते. भारताने ते बंधन आजवर १८७२ चा करार कायदा आणि न्यायालयांनी घडवलेली विश्वासभंगाची तत्त्वे यांच्या आधारावर निभावले. बाविसाव्या विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये सादर केलेल्या २८९ व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही सोबत जोडला. त्या मसुद्याचे कायद्यात रूपांतर अद्याप झालेले नाही. उद्योगांना कायदा हवा आहे, हे समजण्यासारखे आहे. खरा प्रश्न तो कसा असावा, हा आहे. कारण या कायद्याच्या एका बाजूला कंपनीची मालमत्ता आहे, तर दुसऱ्या बाजूला कामगाराची उपजीविका.

मालकाने गुपित म्हटले म्हणून कोणतीही माहिती गुपित ठरत नाही. ट्रिप्स कराराने त्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत. माहिती त्या व्यवसायात सर्वसाधारणपणे ज्ञात नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मूल्य असावे आणि ती गुप्त राखण्यासाठी धारकाने वाजवी उपाय योजलेले असावेत. बहुतेक कंपन्या अडखळतात त्या तिसऱ्या कसोटीपाशी. दरपत्रके, ग्राहकांच्या याद्या, यंत्रभागांची रेखाटने हे सारे कार्यालयातील प्रत्येकाला उघडता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवायचे, कामाच्या सोयीसाठी व्हॉट्सॲपच्या गटावर फिरवायचे आणि कोणी नोकरी सोडल्यावर मात्र ते अत्यंत गोपनीय होते असे न्यायालयाला सांगायचे, हा दावा टिकणे अवघड असते.

कायद्याच्या भात्यात आज काहीच नाही, असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहिती उतरवून घेणे किंवा तिची प्रत काढणे यासाठी भरपाई मागता येते. ५ कोटी रुपयांपर्यंतचे असे दावे प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतात. हेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले, तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि त्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे सारे प्रश्न सुटतील, असा समज मात्र चुकीचा आहे. तो कायदा व्यक्तींची वैयक्तिक माहिती जपण्यासाठी आहे. कंपनीचे सूत्र, निविदेतील दर किंवा साच्याचे रेखाटन त्याच्या कक्षेत येत नाही.

या तरतुदींचा लाभ घ्यायचा तर पुरावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात तज्ज्ञाची स्वाक्षरी आणि त्या नोंदीचे हॅश मूल्यही द्यावे लागते. कोणी कोणती फाइल कधी उघडली, याची नोंदच ठेवली नसेल, तर प्रमाणपत्र कशाचे द्यायचे? संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजे सर्ट-इन, याच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनी संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. अनेक लहान उद्योग या बंधनाकडे केवळ कागदी सोपस्कार म्हणून पाहतात. प्रत्यक्षात वाद उभा राहिला की याच नोंदी मालकाच्या मदतीला येतात.

अमेरिकेतील वेमो विरुद्ध उबर हा खटला या दृष्टीने बोलका आहे. चालकरहित मोटारींच्या प्रकल्पातील एका वरिष्ठ अभियंत्याने नोकरी सोडण्यापूर्वी सुमारे १४ हजार फाइली उतरवून घेतल्याचा आरोप वेमोने फेब्रुवारी २०१७ मध्ये केला. हा आरोप दोन गोष्टींवर उभा होता. एक, संगणकाच्या नोंदींतून झालेला उलगडा. दुसरी, एका पुरवठादाराकडून चुकून वेमोकडे आलेला ई-मेल. त्यातील उबरच्या सर्किट बोर्डाचे रेखाटन वेमोच्या रेखाटनाशी विलक्षण मिळतेजुळते होते. वर्षभरातच उबरने सुमारे २४.५ कोटी डॉलर मूल्याचे समभाग देऊन तडजोड केली. गुपित फक्त कर्मचाऱ्याबरोबर बाहेर जाते असे नाही. दोन स्पर्धकांचे काम करणाऱ्या पुरवठादाराच्या टेबलावरही ते उघडे पडू शकते, हा त्यातला धडा. शेजारच्या बेळगावात उद्यमबागेतील फाउंड्री आणि यंत्रशाळांमध्ये एकाच छपराखाली अनेक ग्राहकांच्या रेखाटनांवर जॉबवर्क चालते. तेथे हा धडा अधिकच लागू पडतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. भारतीय न्यायालयांनी गुपिताचे रक्षण आणि रोजगाराचे स्वातंत्र्य यांत प्रारंभापासून भेद केला आहे. कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यात टायर कॉर्डच्या धाग्याचे तंत्रज्ञान हॉलंडमधील कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आले होते. तेथे पाच वर्षांच्या करारावर असलेला एक कर्मचारी मुदत संपण्याआधीच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली. परंतु ती कराराच्या मुदतीपुरतीच होती. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणातही ठरावीक काळ सेवा करण्याची आणि ती मोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट न्यायालयाने वैध मानली. नोकरी संपल्यानंतरचे बंधन मात्र करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली शून्यवत ठरते. क्रिकेटपटू झहीर खान याच्याविरुद्ध एका व्यवस्थापन कंपनीने केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कराराची मुदत संपल्यावर लागू होणारे असे कलम अमान्य केले.

यातून निघणारी रेषा साधी आहे. फाइल, सूत्र आणि ग्राहकांची संकलित यादी कंपनीची. हातातले कसब, डोळ्यांना लागलेले वळण आणि वर्षानुवर्षांचा अनुभव कामगाराचा. तो त्याच्याबरोबर जाणारच, आणि जावाही.

गोव्यात ही रेषा पुसट झाली तर किंमत मोठी आहे. लहान राज्यात एकेका व्यवसायातील मालक मोजके असतात. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातील रसायनतज्ज्ञाला पुढची नोकरी बहुधा कुंडई किंवा पिळर्णच्या वसाहतीत, म्हणजे स्पर्धकाकडेच मिळणार. दोन वर्षे स्पर्धकाकडे न जाण्याची अट त्याच्यावर लादली, तर ती त्याला गोवा सोडायला सांगण्यासारखीच ठरेल. अशी कलमे न्यायालयात टिकत नसली, तरी नियुक्तिपत्रांत ती छापली जातात. खटला लढण्याची ऐपत नसलेला तरुण त्यांच्या धाकानेच पगारवाढ मागत नाही. उलट, पंधरा कामगारांच्या उद्योगाने अनेक वर्षे खपून बसवलेली प्रक्रिया एका पेनड्राइव्हवर निघून गेली, तर त्या मालकालाही सावरायला दुसरी संधी मिळत नाही. दोघांचेही नुकसान खरे आहे.

म्हणून येणाऱ्या कायद्याने तीन गोष्टी निःसंदिग्धपणे मांडायला हव्यात. कौशल्य व सर्वसाधारण अनुभव यांना गुपिताच्या व्याख्येतून वगळावे. चोरीचा माल जाणूनबुजून वापरणारी नवी कंपनीही जबाबदार धरावी. केवळ जाणाऱ्या कर्मचाऱ्यावर सारे खापर फुटू नये. तिसरी गोष्ट म्हणजे जागल्यांचे संरक्षण. विधी आयोगानेही सार्वजनिक हिताचे आणि जागल्यांचे अपवाद सुचवले आहेत. कारखान्याचे सांडपाणी रात्री नदीत सोडले जाते, हे उघड करणारा कामगार गुपितचोर ठरता कामा नये.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर मालकांच्या हाती बरेच काही आहे. कोणती माहिती खरोखर मोलाची आहे हे ठरवून ती मोजक्या जणांपुरती ठेवणे, फाइल उघडल्याच्या नोंदी जपणे, पुरवठादारांशी गोपनीयतेचा करार करणे आणि निरोप घेणाऱ्या कर्मचाऱ्याची संगणकावरील प्रवेशाची सोय त्याच दिवशी बंद करणे, यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. ज्या माहितीला मालकाने स्वतः कधी कुलूप लावले नाही, तिला उद्याचा कायदाही गुपित मानणार नाही.